आज्ञेचा धनी कोण?

जबलपुरास थंडी पडू लागली, की नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे आलेल्या आणि निवृत्तीनंतर येथेच मुक्काम ठेवलेल्या आमच्यासारख्या मंडळींच्या घरी डिंकाच्या लाडवांची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. गेली दोनतीन वर्षे ही आठवण नुसती आठवण राहिलेली नाही. आमच्या भाच्याची पत्नी शेजारच्या दोघी बायांना हाताशी धरून घरीच लाडू वळते आणि नेपियर टाउनापासून राइट टाउनापर्यंतच्या मराठी घरांतून, किंबहुना आता हिंदी घरांतूनही, त्यांचे डबे जातात. भाचा एका कचेरीत हिशेबनीस आहे. लाडू वळण्याचे ज्ञान त्यास नाही. म्हणून खपाची बाजू त्याने आपल्याकडे घेतली आणि त्या कामी आजच्या रीतीप्रमाणे कृत्रिम बुद्धीचा एक यंत्र-लेखनिक पदरी ठेवला.

हा लेखनिक म्हणजे काय, हे वाचकांस सविस्तर सांगावयास नको. २०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी लोकांपुढे आले, तेव्हापासून या जातीच्या यंत्रांची ओळख आपल्या कचेऱ्यांनाही झालेली आहे. त्यास हवे ते काम साध्या भाषेत सांगावे आणि त्याने क्षणार्धात मजकूर तयार करून द्यावा, असा हा व्यवहार. आमच्या भाच्याने त्यास तीन वाक्ये सांगितली : डिंकाचे लाडू खूप खपतील अशी जाहिरात लिही, लोकांना आवडेल असे लिही, जरा जोरदार होऊ दे. जाहिरात जोरदार झाली. तीत लाडवांना कित्येक पिढ्यांची परंपरा लाभली, सांधेदुखीवर ते रामबाण ठरले, आणि शेवटी एक वाक्य असे आले की, या लाडवांत साखरेचा कणही नसून केवळ गूळ असल्यामुळे मधुमेही मंडळींनीही ते निर्धास्तपणे खावेत. भाच्याने मजकूर वरवर पाहिला, त्यातील डौल त्यास आवडला, आणि त्याने तो व्हॉट्सॲपवरून सर्वत्र पाठवून दिला.

आमच्या परिचयातील एक वृद्ध वहिनी मधुमेहाने बारा वर्षे पथ्यावर आहेत. सणावारी पुरणपोळीचा घाससुद्धा त्या नैवेद्यापुरता घेतात. त्यांनी ते वाक्य वाचले. ते छापल्यासारखे दिसत होते, ओळखीच्या घरून आले होते, आणि खरे असावे असे त्यांस मनापासून वाटत होते. पंधरा दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू खाल्ला. सोळाव्या दिवशी त्यांस चक्कर आली आणि तीन दिवस इस्पितळात काढावे लागले. गूळ आणि साखर ही रक्तात शिरल्यावर सख्खी भावंडे असतात, हे डॉक्टरांनी त्यांस समजावून सांगितले. त्यांचे निभावले. निभावले नसते तर हा लेख लिहिण्याचा धीर आम्हांस झाला नसता.

भाचा आमच्याकडे आला तो अगदी उतरलेल्या चेहऱ्याने. “मामा, मधुमेहाचं काही लिही असं मी सांगितलंच नव्हतं. ते यंत्रानं आपल्या मनानं घातलं,” असे तो म्हणाला. आम्ही त्यास चार शब्द सुनावण्याच्या तयारीत होतो. पण हे वाक्य ऐकताच आमची जीभ अडखळली. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, अनेक वर्षांपूर्वी आम्ही स्वतः उच्चारले होते.

त्या वेळी आम्ही एका जिल्ह्यात कर्जवसुलीच्या कामावर देखरेख करीत होतो. जिल्ह्याचे आणि खात्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. वर्ष आटोपत आले होते, आकडे मागे होते, आणि वरून विचारणा येत होती. आम्ही एक परिपत्रक काढले. ३१ मार्चपूर्वी वसुली शंभर टक्के झालीच पाहिजे आणि कोणतीही सबब ऐकली जाणार नाही, असा त्याचा आशय होता. भाषा ठसठशीत होती. आम्हांस ती त्या वेळी आवडलीही होती. आठ दिवसांनी दौऱ्यावर असताना मुक्कामाच्या ठिकाणी एक बाई कडेवर मूल घेऊन येऊन उभी राहिली. तिचा नवरा कामासाठी परगावी गेलेला. वसुलीच्या माणसांना घरात उचलून नेण्याजोगे काही सापडले नाही, म्हणून त्यांनी घराचे कवाड काढून नेले होते. माघातली थंडी होती. रात्री कुत्री आत शिरतात, तेव्हा मुलास घेऊन निजावे कसे, एवढेच ती विचारीत होती. आम्ही वसुली कारकुनास बोलावून खडसावले, की कवाड काढा असे आम्ही कोठे लिहिले होते? त्याने खिशातून परिपत्रकाची घडी काढली, ती नम्रपणे आमच्यापुढे उलगडली आणि म्हणाला, “काढू नका असंही लिहिलेलं नाही, साहेब.”

भाच्याचे यंत्र आणि आमचा कारकून यांच्यात आम्हांस त्या दिवशी विलक्षण साम्य दिसले, आणि त्यातूनच हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याकडून काम करवून घेणारा मनुष्य त्या कामाला कोठपर्यंत बांधलेला असतो? जे सांगितले त्यापुरताच, की जे सांगावयाचे राहिले त्यालाही? आणि ज्याला सांगावयाचे तो मनुष्य नसून यंत्र असेल, तर हे उत्तर बदलते काय?

प्रथम कायद्याचे उत्तर पाहू. कारण ते सर्वांत सरळ आहे. कॅनडातील एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवाशांच्या शंकांना उत्तरे देणारा असाच एक यंत्र-साहाय्यक होता. २०२२च्या नोव्हेंबरात, आजी वारल्यामुळे प्रवासास निघालेल्या एका गृहस्थाला त्याने सांगितले की, शोकप्रसंगीची सवलत प्रवासानंतरही ९० दिवसांच्या आत मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. सवलत नाकारली गेली आणि तंटा ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणापुढे गेला. तेथे एअर कॅनडाने जो बचाव केला त्याचा मथितार्थ असा होता, की या साहाय्यकाच्या उत्तरांस कंपनी जबाबदार नाही. जणू काही तो कोणी स्वतंत्र इसम होता. २०२४च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि प्रवाशास भरपाई देवविली. संकेतस्थळ कंपनीचे, तेव्हा त्यावर जे बोलले जाईल तेही कंपनीचेच, मग ते साध्या पानावर असो वा यंत्राच्या तोंडून, असा त्या निर्णयाचा सरळ अर्थ. आपल्याकडेही २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद करतो, आणि अन्नपदार्थांच्या जाहिरातींतील दाव्यांसाठी २०१८चे स्वतंत्र विनियम आहेत. मजकूर कोणी रचला, ही सबब या व्यवस्थेत चालण्याजोगी नाही.

परंतु कायद्याचे उत्तर मिळाले म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला असे होत नाही. कायदा म्हणतो, भरपाई दे. आमचा भाचा भरपाई देण्यास एका पायावर तयार होता. इस्पितळाचे बिल त्याने न मागता भरले. त्याला छळीत होते ते निराळेच. तो खोटे बोलला नव्हता. खोटे बोलण्याची त्याची इच्छाही नव्हती. तरीही त्याच्या नावाने एक असत्य घरोघर गेले आणि एका म्हातारीच्या रक्तात शिरले. खोटे बोलण्याची इच्छा नसलेल्या माणसाच्या हातून असत्य घडले, तर त्यास पाप म्हणावे की अपघात?

याचे उत्तर देण्यापूर्वी यंत्राने ते वाक्य कोठून आणले, हे समजून घेतले पाहिजे. ‘आपल्या मनाने घातले’ हे भाच्याचे बोलणे खरे नव्हे. कारण यंत्राला या अर्थी मन नाही. अगणित मजकूर त्याच्या पुढ्यात घालून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ताडण्याची तयारी त्याच्याकडून करवून घेतलेली असते. आणि मागून, मागणाऱ्याच्या मनाजोगते उत्तर देण्याचे वळणही त्यास लावलेले असते. आपण सांगितलेले जेथे संपते तेथून पुढची मोकळी जागा ते जगाच्या सवयीने भरून काढते. आता जगात आजवर ज्या जाहिराती लिहिल्या गेल्या त्यांची सवय कोणती आहे? पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, रामबाण गुण, सर्वांस चालणारा माल. लाडवांची जाहिरात जोरदार कर असे म्हटल्यावर यंत्राने तीच मोकळी जागा त्याच सवयीने भरली. म्हणजे ते वाक्य यंत्राचे नव्हते आणि भाच्याचेही नव्हते; ते साऱ्या बाजाराचे होते. भाच्याचा दोष एवढाच, की त्याने जागा मोकळी सोडली आणि वर ‘जोरदार’ हा शब्द लिहून त्या जागेचे दार बाजाराकडे उघडले.

आमच्या परिपत्रकाचेही तसेच झाले होते. आम्ही जी जागा मोकळी सोडली ती कारकुनाने खात्याच्या सवयीने भरली. गरीब ऋणकोकडून वसुली कशी करतात, याची जी रूढी त्याने पाहिली होती तीच त्याने पाळली. ‘सबब ऐकली जाणार नाही’ हे आमचे शब्द. त्यांचा अर्थ ‘कवाड काढले तरी चालेल’ असा होतो, हे त्याला कळले आणि आम्हांस कळले नाही. किंवा खरे बोलावयाचे तर, आम्हांस कळले असते, जर कळून घेण्याची आमची इच्छा असती. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी कचेरीत आयुष्य काढले आहे, त्यांस ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या चार शब्दांची जादू ठाऊक आहेच. शेरा मारणाऱ्याचे हात त्या शब्दांनी स्वच्छ राहतात, आणि योग्य म्हणजे काय हे ठरविण्याचे ओझे खालच्या माणसाच्या डोक्यावर अलगद जाऊन बसते.

शब्द निरुपद्रवी आणि कृती घातक, याचे एक टोकाचे उदाहरण आमच्या या जबलपुराच्या इतिहासातच आहे. १८१७च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि पुढे येथेच ठाण मांडून स्लीमनने ठगांचा पाठलाग केला. ठगांच्या गुप्त बोलीचा कोश त्याने १८३६ साली प्रसिद्ध केला. वाटसरूच्या गळ्यात रुमाल पडण्याची इशारत म्हणून म्होरक्या जे वाक्य उच्चारी, ते बहुधा तमाखूसंबंधीचे अगदी साधे बोलणे असे. स्लीमनच्या वृत्तांतात अतिशयोक्ती किती, याविषयी आजचे इतिहासकार वाद करतात. पण एवढे खरे, की आज्ञेचा अर्थ तिच्या अक्षरांत कधीच पुरता मावत नाही. तो ऐकणाऱ्याच्या सवयीत दडलेला असतो. म्हणून ज्याला आपण आज्ञा करतो त्याची सवय जाणून घेणे, हा आज्ञेचाच एक भाग आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल, की असे म्हणू लागल्यास आज्ञा करणेच अशक्य होईल. काय काय करू नये याची यादी अनंत आहे. कवाड काढू नये, तर चूल काढावी काय? चूल काढू नये, तर छप्पर? मधुमेहाचे लिहू नये म्हणावे, तर यंत्र रक्तदाबाचे लिहील. मनुष्याने किती म्हणून पुढचे पाहावे? आक्षेप खरा आहे, आणि केवळ निषेधांची यादी वाढवून तो सुटणार नाही, हे आम्ही कबूल करतो. परंतु याचे उत्तर आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणी देऊन ठेवले आहे.

चिपळूण परिसरात छावणीस राहिलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस शिवाजी महाराजांचे एक पत्र गेले होते. महाराष्ट्रात ते सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु बहुधा रयतेविषयीच्या कळवळ्याकरिता त्याचा उल्लेख होतो, आज्ञा कशी लिहावी याचा वस्तुपाठ म्हणून होत नाही. त्यात नुसते ‘दाणावैरण जपून वापरा’ असे सांगितलेले नाही. साठा किती दिवस पुरवावयाचा आहे हे सांगितले आहे. तो आताच उधळला तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, हे सांगितले आहे. मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा आणि भाजी उचलू लागाल आणि त्यास मोगल परवडला असे वाटू लागेल, हे सांगितले आहे. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, कोणी रात्री दिवा तसाच जळता ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, इथपर्यंत तो राजा विचार करतो. राज्य उभे करण्याच्या धामधुमीत असलेल्या पुरुषाच्या डोळ्यांपुढे छावणीतला उंदीर उभा राहतो, ही साधी गोष्ट नव्हे.

या पत्राचे मर्म आमच्या मते असे आहे, की त्यात आज्ञेबरोबर तिचे कारण दिलेले आहे. उंदराचा उल्लेख केला म्हणजे मांजराचा निराळा करावा लागत नाही. कारण आग कशी लागते आणि लागल्यास काय जाते, हे एकदा कळल्यावर उरलेली यादी वाचणारा आपली आपण पुरी करतो. निषेध कितीही लिहिले तरी अपुरे पडतात, कारण मात्र एकच असले तरी पुष्कळ जागा व्यापते. यंत्राच्या बाबतीतही अनुभव असाच आहे. कारण दिल्याने त्यास माणसासारखा बोध होतो की नाही, हा वाद विद्वानांवर सोपवू. परंतु ‘आरोग्याचा कोणताही दावा करू नकोस, कारण वाचणाऱ्यांत आजारी व वृद्ध माणसे आहेत आणि ती ओळखीच्या शब्दावर विश्वास ठेवतात’ असे लिहिल्यावर जो मजकूर येतो तो निराळा असतो, हे आम्ही भाच्याशेजारी बसून डोळ्यांनी पाहिले आहे. न सांगितलेला रक्तदाबही त्यातून आपोआप गळाला.

आज्ञेच्या शास्त्राचा विचार आपल्याकडे मीमांसकांइतका कोणीच केला नसेल. त्यांचा विषय यज्ञ होता, बाजार नव्हता. तरीपण वाक्य ऐकून मनुष्य कामाला कसा लागतो, हाच त्यांचा शोध होता. कोणताही विधी ऐकला की मनात तीन अपेक्षा उठतात, असे ते सांगतात : काय साधावयाचे, कशाने साधावयाचे, आणि कोणत्या रीतीने. यांपैकी एकही अपेक्षा अतृप्त राहिली तर विधी अपुरा. आमच्या भाच्याने पहिलीच तेवढी भागविली होती. साधावयाचे काय, तर खप. कशाने, म्हणजे लाडवांविषयीच्या कोणत्या खऱ्या माहितीने, हे सांगितलेच नाही. आणि रीत म्हणून केवळ ‘जोरदार’. मीमांसकांनी परिसंख्या नावाचा आणखी एक विधी मानला आहे. त्यात काही गोष्टींचे नाव घेतले जाते ते त्या कराव्यात म्हणून नव्हे, तर त्यांखेरीज इतर करू नयेत म्हणून. ‘लाडवात डिंक, खारीक, खोबरे, गूळ आणि तूप आहे, एवढेच लिही, याबाहेरचे काही घालू नकोस’ ही परिसंख्या झाली. आणि स्तुतीच्या वाक्यांना मीमांसक अर्थवाद म्हणतात. अर्थवादाने माणसास कामाची गोडी लागते खरी, पण त्यास स्वतःचे स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीच्या आधाराने तो उभा राहील तेवढाच त्याचा मान. जाहिरात ही शंभर टक्के अर्थवादाची जात. तिला सत्याच्या खुंटीस बांधून ठेवले नाही, तर ती कोठे चरावयास जाईल याचा नेम नाही.

कारण न सांगणारी आज्ञा अपुरी. पण कारण विचारूच न देणारी आज्ञा भयंकर. हेही जबलपूरकरांस कोणी नव्याने सांगावयास नको. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या अर्जांवरून जो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यास आमच्याच गावच्या अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या पदाचे नाव कायमचे चिकटले आहे. अटकेची आज्ञा खोडसाळपणाने काढली असली, तरी न्यायालयाने ती तपासू नये, हा सरकारचा पक्ष. द्वेषापोटी कोणा पोलिसाने कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले, तेव्हा त्यावरही आणीबाणी असेतो उपाय नाही, असे उत्तर महान्यायवादींस द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचा पक्ष उचलून धरला. एकट्या खन्नांनी भिन्न मत लिहिले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्यास दिले गेले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरविला. लाडवांच्या जाहिरातीशेजारी हा खटला आणून ठेवणे विशोभित दिसेल, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही आमचा मुद्दा एवढाच, की प्रश्न विचारण्याची मुभा नसलेला आज्ञाधारक हा आज्ञाकर्त्याचा सर्वांत मोठा शत्रू होय. म्हणून यंत्रास सूचना देतानाही ‘माहिती अपुरी वाटल्यास अंदाज करू नकोस, मला विचार’ हे एक वाक्य घालावे. आमच्या कारकुनास तसे विचारण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती. उलट सबब ऐकणार नाही असे लिहून ती बंद केली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. नारायणरावास धरावे असा हुकूम होता, आनंदीबाईने एक अक्षर फिरविले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्या तरुण पेशव्याची हत्या केली. अक्षराची ही कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा भाग वेगळा. पण ती कथा सांगणारे आपण सर्वजण अक्षर फिरविणाऱ्या बाईपाशी थांबतो, आणि रामशास्त्री प्रभुणे मात्र तेथे थांबले नाहीत. त्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर, आणि त्यास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असे त्यांनी तोंडावर सांगितल्याचे परंपरा सांगते. अक्षर बदलले असे क्षणभर धरले, तरी शास्त्रीबुवांचा न्याय आम्हांस योग्यच वाटतो. पगारासाठी खवळलेल्या हत्यारबंद गारद्यांना एका अठरा वर्षांच्या पोरावर सोडावयाचे, आणि मग ‘आम्ही धरावे एवढेच म्हटले होते’ असे सांगावयाचे, हा बचाव नव्हे. हत्यार निवडणाऱ्याने हत्याराचा स्वभाव पत्करलेला असतो.

याच न्यायाने आमच्या भाच्याचा आणि आमचा निवाडा आम्ही करतो. ज्याच्या हातून असत्य घडले त्याची इच्छा वाईट नव्हती, म्हणून हे पाप नव्हे, असे आम्ही म्हणू. पण हा अपघातही नव्हे. यास आपल्या भाषेत हयगय हा अचूक शब्द आहे. हयगयीत वाईट हेतू नसतो. परंतु ज्याच्यावर परिणाम व्हावयाचा तो मनुष्य आपण डोळ्यांआड केलेला असतो. खपाचा आकडा दिसतो, वहिनी दिसत नाहीत. वसुलीची टक्केवारी दिसते, कवाड दिसत नाही. यंत्र आल्यामुळे या हयगयीचे स्वरूप बदलले नाही. तिचा वेग मात्र भयंकर वाढला. आमचे परिपत्रक कवाडापर्यंत पोहोचावयास आठ दिवस लागले होते, भाच्याची जाहिरात दोनशे घरी पोहोचावयास आठ मिनिटेही लागली नाहीत. आणि कारकून निदान बायामाणसांच्या रडण्याने कधी तरी विरघळतो. यंत्राच्या कानी ते रडणे जातच नाही. म्हणून जी कणव पूर्वी खालच्या माणसाकडून उसनी मिळत असे, ती आता वरच्यानेच आपल्या वाक्यात आधी घालावी लागते.

भाच्याने पुढे सूचना नव्याने लिहिली. ती पानभर झाली. लाडू कोण वळते, त्यात काय असते, ते किती दिवस टिकतात, कोणाकरिता लिहावयाचे, कोणता दावा करावयाचा नाही आणि का नाही, शंका आल्यास काय करावयाचे, हे सर्व तीत आले. ‘जोरदार’ हा शब्द गेला. ‘गूळ असल्यामुळे मधुमेहींनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय खाऊ नयेत’ हे वाक्य जाहिरातीत असलेच पाहिजे, अशी एक ओळ आली. आणि मजकूर पाठविण्यापूर्वी भाचीसुनेने तो अक्षरशः वाचावा, असा घरातला नियम ठरला. आम्ही त्यास आणखी एक कसोटी सुचविली : ही सूचना गिऱ्हाइकापुढे मोठ्याने वाचून दाखविण्याची लाज वाटणार नाही ना, ते पाहावे. जाहिरात तर गिऱ्हाईक वाचतेच. जाहिरात लिहिण्याची सूचना ते कधी वाचत नाही, आणि खरे इमान तेथेच कळते. यावर तो हसून म्हणाला, “मामा, या लिहिण्यानं डबे कमी जातील.” त्या हंगामात डबे खरोखरच काही कमी गेले. त्याचे समाधान करील असे उत्तर आम्हांपाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही. खरे बोलण्याला खर्च येतो, एवढेच आम्ही त्यास सांगू शकलो.

त्या कवाडाचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. परत बसवा असे आम्ही तोंडी सांगताच कारकुनाने लेखी हुकूम मागितला. आणि तो मागण्याचा त्यास अधिकार होता. तेथेच कागद घेऊन आम्ही लिहिले, की सदर कवाड आज सूर्यास्तापूर्वी वसुली कारकुनाने स्वतः हजर राहून जागेवर बसवावे, कारण घरात एक बाई व तान्हे मूल एकटी आहेत. आणि यापुढे कोणाही ऋणकोच्या घराची अशी कोणतीही वस्तू हलवू नये, जीवाचून त्या घरी रात्र काढता येणार नाही. शंका आल्यास आम्हांस विचारावे. काय, कोणी, केव्हा, कशासाठी आणि कोठवर, हे सारे त्या चार ओळींत आले होते. मीमांसा आम्ही तोवर वाचलेली नव्हती. ती बाई समोर उभी होती.